नव्वद दिवसांची मुदत

1937 च्या उन्हाळ्याच्या तोंडावर लिओ मॅकॅरी या दिग्दर्शकाला पॅरामाउंट स्टुडिओने नारळ दिला. निमित्त होतं त्याच्या ताज्या चित्रपटाचं, ‘मेक वे फॉर टुमॉरो’चं. घर बँकेने ताब्यात घेतलेलं एक म्हातारं जोडपं, त्यांची पाच मुलं, आणि दोघांना एकत्र ठेवून घ्यायला एकाच्याही घरात जागा नाही. आई एका मुलाकडे, वडील एका मुलीकडे, आणि शेवटी रेल्वे स्टेशनावर कायमची ताटातूट. राजा परांजपे यांचा ‘ऊन पाऊस’ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे दुःख परकं वाटणार नाही. पॅरामाउंटचे प्रमुख अडॉल्फ झुकर यांना शेवट गोड हवा होता. मॅकॅरीचे वडील नुकतेच गेले होते, आणि या शेवटाशी तडजोड करायची त्याची तयारी नव्हती. चित्रपट जसा होता तसाच लागला आणि पडला.

त्याच वर्षी, अवघ्या काही महिन्यांत, या माणसाने दुसऱ्या स्टुडिओत जाऊन दुसरा चित्रपट केला. त्यातलं जोडपं तरुण, श्रीमंत, देखणं आणि घटस्फोटाच्या वाटेवरचं. ‘द ऑफुल ट्रुथ’ हा तो चित्रपट. हॉलिवुडच्या विनोदी प्रेमपटांत त्याचं नाव आजही पहिल्या रांगेत घेतात. लग्न मोडणं हा त्या काळी अमेरिकी पडद्यावरचा सर्वांत अवघड विषय होता, आणि मॅकॅरीने त्यातूनच लग्नाबद्दलचा सर्वांत आनंदी चित्रपट कसा काढला, ही हकिकत सविस्तर सांगण्याजोगी आहे.

आधी अडचण काय होती ते पाहू. 1930 मध्ये ‘द डिव्होर्सी’ नावाच्या चित्रपटात नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाला बायको स्वतःच्या बाहेरख्यालीपणानेच उत्तर देते, आणि ती भूमिका करणाऱ्या नॉर्मा शिअररला त्यासाठी ऑस्कर मिळालं. चारच वर्षांत असा चित्रपट काढणं अशक्य झालं. स्टुडिओंनी 1930 मध्येच आचारसंहिता मान्य केली होती, पण ती कागदावरच होती. कॅथलिक संघटनांनी बहिष्काराची धमकी दिली तेव्हा कुठे जुलै 1934 पासून तिची कडक अंमलबजावणी सुरू झाली. ती राबवणाऱ्या जोसेफ ब्रीन यांच्या कचेरीचा शिक्का असल्याशिवाय चित्रपट बाहेर काढला तर 25,000 डॉलर दंड ठरला. विवाहसंस्थेचं आणि घराचं पावित्र्य राखलं गेलंच पाहिजे, व्यभिचार आकर्षक दिसता कामा नये, हे त्या संहितेतलं ठळक कलम.

पडद्याबाहेरचं चित्र वेगळं होतं. न्यूयॉर्क राज्यात घटस्फोटाला व्यभिचार हे एकच कारण कायद्याला मान्य होतं, आणि 1960 च्या दशकापर्यंत ते तसंच राहिलं. मग एकमेकांना कंटाळलेली सभ्य जोडपी काय करत? नवरा हॉटेलात खोली घ्यायचा, ठरवून आणलेली एखादी बाई तिथे यायची, फोटोग्राफर दार उघडून फोटो काढायचा आणि कोर्टात पुरावा उभा राहायचा. ज्यांच्याकडे पैसा होता ते नेवाडा राज्यातल्या रीनो शहराची गाडी पकडत. 1931 मध्ये नेवाडाने तिथल्या वास्तव्याची अट सहा आठवड्यांवर आणली आणि घटस्फोट हा त्या शहराचा धंदाच होऊन बसला. नवरा-बायकोला वेगळं होण्यासाठी कायदा खोटं बोलायला लावत होता आणि पडदा त्यावर बोलूच देत नव्हता. या दोन भिंतींमधून वाट काढायची होती.

कोलंबिया स्टुडिओकडे आर्थर रिचमन यांच्या ‘द ऑफुल ट्रुथ’ या 1922 च्या नाटकाचे हक्क होते. त्यावर दोन चित्रपट येऊनही गेले होते, 1925 मध्ये मूकपट आणि 1929 मध्ये बोलपट. कोलंबिया हा तेव्हा मोठ्यांच्या पंगतीत नुकताच बसलेला स्टुडिओ. त्याचा मालक हॅरी कोन तोंडाचा फाटका आणि पैशाला चिवट म्हणून ओळखला जायचा. पण फ्रँक काप्राच्या 1934 च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ने पाच प्रमुख ऑस्कर मिळवून त्याला एक गोष्ट पटवून दिली होती. मंदीने पिचलेल्या प्रेक्षकाला श्रीमंतांची भांडणं, धावपळ आणि फजिती पाहायला आवडते. अशा चित्रपटांना पुढे स्क्रूबॉल कॉमेडी हे नाव पडलं. मॅकॅरी विनोदात मुरलेला होता. वकिलीचं शिक्षण घेऊन त्या धंद्यात अपयशी ठरल्यावर तो हॅल रोचच्या स्टुडिओत आला. लॉरेल आणि हार्डी ही जोडी जमवण्यात त्याचा मोठा वाटा होता. मार्क्स बंधूंचा ‘डक सूप’ही त्याचाच.

नायिका ठरली आयरीन डन. केंटकी राज्यातल्या लुइव्हिलची, रीतसर गाणं शिकलेली. 1936 च्या ‘थिओडोरा गोज वाइल्ड’मध्ये तिने विनोदी भूमिका केली होती. डन आणि मॅकॅरी दोघंही श्रद्धाळू कॅथलिक होते आणि दोघांचेही संसार शेवटपर्यंत टिकले. मॅकॅरीचं लग्न 1920 मध्ये झालं आणि 1969 मध्ये तो गेला तोवर राहिलं. डनचा नवरा दंतवैद्य होता. सुरुवातीची काही वर्षं तो न्यूयॉर्कमध्ये आणि ती हॉलिवुडमध्ये असा त्यांचा संसार चालला. काडीमोडावरचा हा चित्रपट लग्नावर विश्वास असलेल्या माणसांनी केला, हे चित्रपट पाहताना सतत जाणवतं.

नायक म्हणून आला केरी ग्रांट. पॅरामाउंटशी करार संपवून तो नुकताच मोकळा झाला होता. देखणा आणि उंच असला तरी त्याचा म्हणून ओळखता येईल असा ठसा अजून पडद्यावर उमटला नव्हता. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा हा आर्ची लीच, पोरवयात कसरतपटूंच्या एका टोळीत शिरला आणि 1920 मध्ये तिच्याबरोबर अमेरिकेत आला. तिसरा होता राल्फ बेलामी. बायको घटस्फोट घेत असताना तिच्या प्रेमात पडणारा ओक्लाहोमाचा साधाभोळा तेलसम्राट ही त्याची भूमिका.

1937 च्या त्या उन्हाळ्यात चित्रीकरण सुरू झालं आणि या तिघांच्या पायाखालची जमीन सरकली. पटकथेवर व्हिन्या डेल्मार या लेखिकेचं नाव होतं, पण सेटवर पाठ करायला संवादच नव्हते. मॅकॅरी सकाळी यायचा, सेटवरच्या पियानोवर बसायचा, सुचेपर्यंत वाजवत राहायचा. मग उठून नटांना सांगायचा, तू या दारातून ये, तू हे बोल, कुत्रा तिथे असेल. बेलामीने पुढे सांगितलेली पहिल्या दिवसाची आठवण प्रसिद्ध आहे. मॅकॅरीने त्याला गाता येतं का म्हणून विचारलं. येत नव्हतं. डनला पियानोवर साथ करायला सांगितलं. तिलाही ते धड जमत नव्हतं. तरी दोघांना ‘होम ऑन द रेंज’ म्हणायला लावलं आणि कॅमेरा सुरू केला. बेलामी बेसूर ओरडतोय, डन चाचपडत सूर शोधतेय, आणि मॅकॅरी कॅमेऱ्याजवळ हसून लोटपोट. तेच चित्रण चित्रपटात आहे. गाता न येणाऱ्या माणसाचा तो आत्मविश्वास कुणी लिहून देऊ शकला नसता.

नटांना मात्र यात काही गंमत दिसेना. डन अस्वस्थ झाली. ग्रांट तर हादरलाच. त्याने कोनकडे धाव घेतली, चित्रपट सोडायची परवानगी मागितली, वाटल्यास तुमचा दुसरा चित्रपट फुकट करून देतो म्हणाला. बेलामीची भूमिका मला द्या, असंही सुचवलं. चित्रपटात काय काय चुकतंय याची आठ पानी यादीच त्याने लिहून दिली, असं सांगतात. मॅकॅरी या प्रकाराने दुखावला. पण कोनने कुणालाच सोडलं नाही. काही दिवसांत ग्रांटच्या लक्षात आलं की हा माणूस आपल्याकडून अभिनय काढत नाही, आपली घाई, आपलं बावचळणं, आपला ऐनवेळचा हजरजबाबीपणा टिपतोय. तिरकस मान, अर्धवट तोडलेलं वाक्य, स्वतःशीच पुटपुटणं हे ज्याला जग पुढे ‘केरी ग्रांट’ म्हणून ओळखू लागलं, ते या सेटवर आकाराला आलं. त्यातलं पुष्कळसं त्याने मॅकॅरीच्याच लकबींतून उचललं, असं दोघांना ओळखणारे म्हणत. साधारण सहा आठवड्यांत चित्रीकरण आटोपलंही.

आता पडद्यावर काय घडतं ते पाहू. जेरी वॉरिनर क्लबात कृत्रिम सूर्यदिव्याखाली अंग भाजून घेतोय. दोन आठवडे फ्लोरिडात होतो असं त्याने बायकोला सांगितलंय आणि त्वचा पांढरीफटक दिसून चालणार नाही. फळांची करंडी घेऊन, मित्रांना बरोबर घेऊन तो घरी येतो तर बायको ल्यूसी घरात नाही. ती येते ती रात्रीच्या पोशाखात, आपल्या रुबाबदार गायनशिक्षकासह. गाडी बंद पडली, एका खेड्यातल्या खाणावळीत रात्र काढावी लागली, असं ती सांगते. जेरीचा चेहरा पडतो. तेवढ्यात ल्यूसी करंडीतलं एक संत्रं उचलते. त्यावर छाप आहे, कॅलिफोर्निया. ती काही बोलत नाही. संत्रं त्याच्याकडे टाकते.

जेरी ते दोन आठवडे कुठे होता हे चित्रपट अखेरपर्यंत सांगत नाही. ल्यूसीच्या त्या रात्रीचा साक्षीपुरावाही पुढे येत नाही. ब्रीनच्या कचेरीला हरकत घ्यायला काही सापडू नये ही यातली सोय उघड आहे. पण मॅकॅरीने त्या सोयीतून चित्रपटाचं मर्म काढलं. पुरावा नसेल तर उरतो तो फक्त विश्वास, आणि तो नसेल तर लग्न कशावर उभं राहणार, हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत जेरीच स्वतःच्या तोंडाने मांडतो आणि स्वतःच त्यात अडकतो. ल्यूसी वकिलाला फोन लावते. वकील पलीकडून समजावतोय, लग्न ही सुंदर गोष्ट आहे, घाई करू नका. मधेच जेवायला बोलावणाऱ्या स्वतःच्या बायकोवर तो खेकसतो आणि पुन्हा तोच मधाळ सूर लावतो.

कोर्टात वाद पेटतो तो कुत्र्यावरून. मिस्टर स्मिथ नावाचा हा फॉक्स टेरियर त्या काळचा मोठा नटच होता. स्किपी या नावाचा हाच कुत्रा ‘द थिन मॅन’मधून घरोघर पोचला होता. न्यायाधीश ठरवतात की कुत्र्यालाच निवडू द्या. दोघं हाका मारतात आणि ल्यूसी लपवलेलं त्याचं खेळणं गुपचूप दाखवते. कुत्रा तिला मिळतो, जेरीला भेटीचा हक्क. घटस्फोट मंजूर होतो, पण नव्वद दिवसांनी पक्का होणार. या मुदतीवर सगळा चित्रपट तोलून धरला आहे. नव्वद दिवस दोघं कायद्याने नवरा-बायको आहेत, मनाने विभक्त आहेत, आणि तरीही एकमेकांच्या आयुष्यात लुडबुड केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. गायनशिक्षकाच्या घरी ल्यूसी दुपारच्या वेळी गेली आहे असं कळताच जेरी दार ढकलून आत घुसतो. दोघांना रंगेहाथ पकडायचं आहे. आत दिसते खच्चून भरलेली बैठक, अंगभर पोशाखातले सभ्य श्रोते, आणि पियानोशेजारी उभी राहून गाणारी ल्यूसी. आता मागे फिरता येत नाही. जेरी ओशाळून मागच्या एका खुर्चीत बसतो, खुर्ची भिंतीला टेकवून रेलतो, आणि घसरतो. हात टेबलाकडे जातो, टेबल कलतं, खुर्ची मोडते, एक आवाज थांबतो न थांबतो तो दुसरा होतो. ब्रिस्टलच्या कसरतपटूचं शिक्षण इथे कामाला आलं आहे. पण मॅकॅरीचं लक्ष त्याच्याइतकंच तिच्याकडे आहे. ल्यूसी गाणं थांबवत नाही. शेवटच्या ओळीवर तिला हसू येतं आणि ते हसू ती गाण्याच्या सुरातच मिसळून टाकते, गाणं त्या हसण्यावरच संपतं. हा मत्सरी, वेडा, खुर्चीवरून पडणारा माणूस आपल्याला अजून हवा आहे, हे तिला त्या क्षणी कळतं. घरी गेल्यावर ती आपल्या पॅट्सी मावशीला तसं सांगतेही. इतकी मोठी भावनिक उलथापालथ एका हसण्यात बसवणारी नटी विरळा. डनला ते जमलं, कारण ती मुळात गायिका होती.

हसू हेच या दोघांच्या नात्याचं खरं प्रमाण आहे. बेलामीचा तेलसम्राट ल्यूसीला स्वतःची प्रेमकविता वाचून दाखवतो आणि दारामागे लपलेला जेरी तिला पेन्सिलीने गुदगुल्या करतो. ती हसते आणि कवी समजतो कविता पावली. हा ओक्लाहोमावाला वाईट माणूस नाही. तो प्रेमळ आहे, आईचं ऐकणारा आहे, श्रीमंत आहे. पण त्याच्याबरोबर ल्यूसीला खेळता येत नाही. पुढच्या एका प्रसंगात शिक्षकाची गोल टोपी मिस्टर स्मिथ लपाछपीचा खेळ समजून पुन्हा पुन्हा जेरीसमोर आणून टाकतो, जेरी आरशासमोर ती डोक्यावर घालून बघतो आणि ती त्याच्या कानांपर्यंत घसरते. झोपायच्या खोलीत आधीच तो शिक्षक लपलेला, मग जेरीही तिथेच जाऊन लपतो, आणि बाहेर ओक्लाहोमावाला आईसह उभा. त्यानंतरची धावपळ संपते तेव्हा त्याच्याशी ठरलेलं ल्यूसीचं लग्न मोडलेलं असतं.

पुढे जेरीची गाठ एका कुलीन, धनाढ्य घराण्यातल्या मुलीशी पडते. ल्यूसी त्या घरी जेरीची बहीण म्हणून जाऊन थडकते. मोठमोठ्याने बोलते, नाइटक्लबातल्या नर्तकीसारखं गाऊन नाचून दाखवते आणि सगळ्या खानदानी बैठकीचा विचका करते. जेरी सुरुवातीला संतापतो आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हसू फुटतं. आपली बायको किती धाडसी आहे हे त्याला नव्याने दिसतं. घटस्फोट मागणाऱ्या जोडप्याने एकमेकांची ओळख पुन्हा एकदा करून घ्यावी, यासाठीच ते नव्वद दिवस होते.

शेवटची रात्र कनेटिकटमधल्या मावशीच्या घरी. मध्यरात्री घटस्फोट पक्का होणार. दोघांच्या शेजारशेजारच्या खोल्या, मधे एक दार, त्याची कडी धड बसत नाही आणि वाऱ्याच्या झुळकीने ते उघडतं. भिंतीवर घड्याळ आहे, त्यात मुलगा आणि मुलगी असे दोन छोटे पुतळे ठोका पडला की आपापल्या दारातून बाहेर येऊन आत जातात. जेरी आणि ल्यूसीचा मध्यरात्रीपर्यंतचा वेळ बोलण्यात जातो. गोष्टी बदलल्या आहेत का, तशाच राहिल्या आहेत का, पुन्हा तशाच हव्यात की वेगळ्या, असं अडखळत, गोल गोल फिरणारं हे बोलणं. मी विश्वास ठेवायला हवा होता, हे सांगायला जेरीला शब्द सापडत नाहीत आणि ल्यूसी त्याला सापडू देते. बारा वाजतात. या वेळी मुलगा मुलीच्या दारातून आत जातो. मॅकॅरीला कायद्याची बाजूही नीट सांभाळता आली. मध्यरात्रीपर्यंत ते नवरा-बायकोच होते, त्यामुळे आचारसंहितेचं एकही कलम मोडलं नाही, आणि शृंगार मात्र पुरेपूर उरला.

चित्रपट ऑक्टोबर 1937 मध्ये लागला आणि चांगला चालला. सहा ऑस्कर नामांकनं आली. उत्कृष्ट चित्रपटाचा मान ‘द लाइफ ऑफ एमिल झोला’ने नेला, डनच्या पदरी काही आलं नाही, आणि दिग्दर्शनाचं पारितोषिक मॅकॅरीला मिळालं. ते स्वीकारताना त्याने आभार मानले आणि तुम्ही चुकीच्या चित्रपटाला बक्षीस दिलंत असंही सांगून टाकलं. त्याचं मन ‘मेक वे फॉर टुमॉरो’त होतं. आज तो चित्रपटही श्रेष्ठ मानला जातो, आणि मॅकॅरीचं त्यावरचं प्रेम योग्यच होतं. तरीही अकादमीने चूक केली असं मला वाटत नाही. त्या चित्रपटातल्या म्हाताऱ्या बाईचं नावही ल्यूसीच आहे. आपण वृद्धाश्रमात जाणार हे ती नवऱ्याला कळू देत नाही आणि मधुचंद्राच्या जुन्या हॉटेलात त्याच्याबरोबर शेवटचं नाचून घेते. एका चित्रपटात पन्नास वर्षं एकमेकांवर भरवसा ठेवलेल्या दोघांना जग वेगळं करतं. दुसऱ्यात जग मोकळीक देतं, कायदा मोकळीक देतो, पैसा आहे, दुसरा जोडीदार तयार आहे, आणि तरीही दोघं परत येतात. लग्न कशाने टिकतं हा एकच प्रश्न मॅकॅरीने एका वर्षात दोन टोकांनी विचारला. करुण रसात त्याचं उत्तर देणं अवघड आहे, हास्य रसात ते अधिक अवघड आहे.

त्यानंतर काही वर्षं हॉलिवुडला या कथेचा नादच लागला. विभक्त किंवा विभक्त होऊ घातलेलं जोडपं पुन्हा जुळतं, ही रचना घेऊन 1940 मध्ये ‘हिज गर्ल फ्रायडे’ आणि ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ आले. दोन्हीत ग्रांट होता, आणि पहिल्यात भोळ्या प्रतिस्पर्ध्याच्या जागी पुन्हा बेलामी. ग्रांट आणि डन ‘माय फेव्हरिट वाइफ’ आणि ‘पेनी सेरेनेड’मध्ये पुन्हा एकत्र आले. 1981 मध्ये हार्वर्डचे तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हेल यांनी असे सात चित्रपट घेऊन एक ग्रंथच लिहिला. पुनर्विवाहाची कॉमेडी असं त्यांनी या प्रकाराचं नाव ठेवलं आणि ‘द ऑफुल ट्रुथ’ला त्यात मानाचं स्थान दिलं.

त्यांचा आदर मला पटतो. जुनी सुखांतिका तरुण-तरुणीचं लग्न लागलं की थांबायची, कारण अडथळा बाहेरचा असायचा, बापाचा किंवा पैशाचा. मॅकॅरीने अडथळा दोघांच्या मनात नेऊन ठेवला आणि तो दूर करण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच टाकली. लग्न एकदाच लागतं असं आपण समजतो. हा चित्रपट सांगतो की ते पुन्हा पुन्हा लावून घ्यावं लागतं, सक्तीने नव्हे, दार उघडं असताना. म्हणून तो जुना होत नाही. पुराव्याची मागणी सोडून विश्वासाकडे वळणं आजच्या जोडप्यांनाही तेवढंच कठीण जातं, आणि त्यासाठी एकत्र हसता येणं आजही तेवढंच उपयोगी पडतं.